फडताळावरचा कागद

नागेशच्या पत्राला प्रतापरावांनी उत्तर दिलं नाही, याला आता तीन वर्षं होत आली होती. पत्र हरवलं नव्हतं. पुण्याचं घर आवरून मुलाकडे, जर्मनीत बोब्लिंगेनला, यायचं ठरलं तेव्हा कपाटभर पुस्तकांतून दोन बॅगांत मावतील एवढीच निवडताना त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. पण एक जाडजूड शब्दकोश त्यांनी विचार न करता आधी बाजूला काढला, कारण त्यात ते निळं आंतर्देशीय होतं.

पत्र दीड पानाचं होतं आणि पाठ झालेलं होतं. "दादा, माझं लिव्हर खराब झालंय म्हणतात. डॉक्टरने पहिलाच प्रश्न विचारला, किती वर्षं घेता? मी म्हटलं, थेंबसुद्धा नाही. तो नर्सकडे बघून हसला. प्रभाच्या माहेरचेही हसतात. कारखान्यात तर सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय. तू शिकलेला माणूस, तुझ्या शब्दाला वजन आहे. एक ओळ लिहून पाठव, की नागेश पीत नाही. मी ती दाखवीन."

एक ओळ. तीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल असलेल्या माणसाला एक ओळ लिहायची होती. पण नागेश, त्यांचा धाकटा भाऊ, कऱ्हाडजवळच्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत प्रयोगशाळेत कामाला होता, आणि प्रतापरावांच्या मुलाच्या, कपिलच्या मुंजीला तो उशिरा येऊन पायाशी वाकला तेव्हा एक वास आला होता. तो शर्टाला लागलेला कामावरचा वास होता की तोंडाचा, हे प्रतापरावांना तेव्हा कळलं नव्हतं आणि विचारायचा धीर झाला नव्हता. प्रकाशनाचं साल पक्कं कळल्याशिवाय त्यांनी कधी पुस्तकाची नोंद केली नव्हती. त्यांनी लिहिलं, "माझ्या माहितीप्रमाणे नागेश पीत नाही." मग 'माझ्या माहितीप्रमाणे' वाचून त्यांनाच लाज वाटली, म्हणून ते खोडलं. खोडल्यावर जे उरलं ते लिहिण्याचा आपल्याला काय अधिकार, असं वाटलं, म्हणून कागद फाडला. असे किती कागद फाडले याचा हिशेब नव्हता. दिवस गेले, आणि मग इतक्या उशिरा काय लिहायचं, हेही कारण त्यात येऊन मिळालं.

यंदाच्या मे महिन्यात त्यांच्या तळहातांना खाज सुटली.

आधी त्यांना वाटलं साबण बदलला म्हणून. मग तळपाय खाजायला लागले, मग पोटऱ्या. वर काही दिसत नव्हतं, ना पुरळ ना चट्टा. खाज कातडीच्या आतल्या बाजूने येत होती आणि खाजवून तिच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. वाचायला बसलं की पान उलटायच्या आत हात पुस्तकावरून उठे. ते खुर्चीतून उठून खिडकीशी जात, खिडकीतून स्वयंपाकघरात, तिथून परत खुर्चीत. सकाळचा चहा, ज्याच्यासाठी ते उठत, तो घशाखाली उतरेना. मुक्ताने, त्यांच्या सुनेने, आमटीला फोडणी दिली की पोटात ढवळून येई. लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली होती आणि शौचाला मातकट पांढरी. हे असलं सुनेला कसं सांगायचं, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. उन्हाळ्यात पाणी कमी पडत असेल, असं स्वतःला सांगितलं.

सांगितलं ते नऊ वर्षांच्या स्पृहाने. ती जेवणाच्या टेबलावर चित्र रंगवत होती. मान वर करून तिने आजोबांकडे पाहिलं, मग हातातला पिवळा खडू त्यांच्या डोळ्यांजवळ धरला.

"आजोबा, डाइने आउगन झिंट गेल्ब!"

"काय म्हणते?" त्यांनी विचारलं. नातीला मराठी कळायचं, पण उत्तर यायचं ते जर्मनमधून.

मुक्ता हात पुसत आली. तिने सासऱ्यांना खिडकीकडे वळवलं, आजवर कधी धरली नव्हती तशी त्यांची हनुवटी धरली आणि खालची पापणी ओढली.

"बाबा, किती दिवस?"

"कसले किती दिवस?"

"कावीळ आहे ही! आरशात बघत नाही का तुम्ही?"

"दाढी करताना बघतो. पण तेव्हा गालाकडे लक्ष असतं."

दुसऱ्याच दिवशी मुक्ताने त्यांना तिच्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर लांगे उंच, सावकाश बोलणाऱ्या बाई होत्या. बाहेर एक चार पानी फॉर्म भरायचा होता. मुक्ता प्रश्न वाची, प्रतापराव उत्तर देत, ती लिही. दारू? कधीच नाही. सिगारेट? नाही. औषधं?

"रक्तदाबाची एक गोळी."

"अजून काही?"

"नाही, बाकी काही नाही."

रक्त घेतलं. सोनोग्राफी झाली. दोन दिवसांनी डॉक्टरांनी स्वतः फोन केला. यकृताचे आकडे असायला हवेत त्याच्या वीसपट होते. काविळीच्या नेहमीच्या विषाणूंपैकी एकही सापडला नव्हता. पित्ताचे खडे नव्हते. "त्या विचारतायत," मुक्ताने फोनवर हात ठेवून म्हटलं आणि तिची नजर भिंतीकडे गेली, "दारूचं एकदा नक्की सांगा म्हणून. तब्येतीसाठी विचारतायत, रागावणार नाहीत."

"मुक्ता, मी फॉर्मवर सांगितलं ना."

"मी सांगितलं त्यांना तसं. तरी विचारतायत."

त्या दुपारी स्पृहाने आपलं शरीराच्या माहितीचं पुस्तक आणून त्यांच्या मांडीवर उघडलं. ती जर्मनमधून वाचत होती, ते चित्र बघत होते. पुस्तकात यकृत म्हणजे एक कारखाना काढला होता. पिवळ्या टोप्या घातलेली छोटी माणसं पोटातून आलेली पोती उतरवत होती, साखर कोठारात रचत होती, विषारी डबे फोडून निकामी करत होती, आणि एक हिरवी नळी पित्त घेऊन आतड्याकडे चालली होती. प्रतापरावांनी त्या नळीवर बोट ठेवलं. इथे अडलंय. जे आतड्यात उतरायचं ते रक्तात सांडतंय, म्हणून शौच पांढरी आणि लघवी काळी, डोळ्यांत तेच, कातडीखाली तेच. ज्याने अन्न पचवायचं ते आपल्याला खाजवतंय. सबंध आयुष्यात या अवयवाचा विचार त्यांनी एकदाच केला होता, नागेशचं पत्र वाचताना, आणि तेव्हाही यकृताचा कमी, बाटलीचा जास्त.

"आजोबा, हेर आउफ," स्पृहा म्हणाली, आणि त्यांचा खाजवणारा हात धरून ठेवला.

रात्रीच्या जेवणानंतर मुक्ता स्पृहाला अंघोळीला घेऊन गेली तशी कपिलने खुर्ची जवळ ओढली. कपिल गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, प्रत्येक गोष्ट मोजून करणारा. आज तो टेबलावरची मीठदाणी फिरवत होता.

"आल्झो, बाबा. एक विचारू? रागावू नका."

"विचार ना."

"आम्ही दोघं दिवसभर बाहेर. तुम्ही एकटे. इथे बोलायला माणूस नाही, मला कळतं. आईही नाही. अशात कुणालाही… म्हणजे, इथे ते नॉर्मल आहे. मी जज करणार नाही."

प्रतापरावांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"मी पितो असं तुला वाटतं?"

"वाटत नाही. पण खाली तळघरात, केलरमध्ये, ऑफिसच्या लोकांनी दिलेल्या वाइनच्या सहा बाटल्या होत्या. आज बघितलं तर पाच आहेत."

"मोजल्यास तू?"

"बाबा, मला काळजी वाटते म्हणून—"

"सहावी मी रिझोट्टोच्या भातात घातली!" बाथरूममधून मुक्ताचा आवाज आला. दार उघडंच होतं. "तुझ्याच वाढदिवसाला! दोनदा वाढून घेतलास! आता तुझंही लिव्हर तपासून घे!"

कपिल ओशाळून हसला. "सॉरी, बाबा." त्याने वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पण त्या हसण्यानंतरही त्याच्या डोळ्यांत एक बारीकसा प्रश्न तसाच राहिला होता, आणि प्रतापरावांना तो दिसला. न प्यायलेलं सिद्ध कसं करायचं? कोणता कागद दाखवायचा? जगात एकच मार्ग होता, समोरच्याने आपलं ऐकायचं. त्यांना वाटलं आपण कऱ्हाडच्या त्या दवाखान्यात बसलो आहोत, आणि कोणीतरी नर्सकडे बघून हसतंय.

पुढच्या आठवड्यात आकडे आणखी वर गेले. डॉक्टर लांगे म्हणाल्या, आता हॉस्पिटलमध्ये जाऊन यकृताचा तुकडा तपासावा लागेल. पण त्याआधी त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात जे जे गेलं ते वेळेसकट लिहा. औषध, अन्न, पाणी, काहीही. तुम्हाला महत्त्वाचं वाटो न वाटो.

असलं काम प्रतापरावांच्या हाडात होतं. त्यांनी खाजणारा हात मांडीखाली दाबून वळणदार अक्षरात लिहिलं. मुक्ता एकेक ओळ जर्मनमध्ये सांगत गेली.

"साडेसहा, गरम पाणी, एक पेला. पावणेसात…" ती थांबली. "पावणेसात, गुळवेलीचा काढा, अर्धी वाटी." तिने सासऱ्यांकडे पाहिलं. "गुळवेलीला काय म्हणतात हो?"

"सांग, एक वेल असते. कडू."

"मोमेंट," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. मुक्ताने फोनवर लॅटिन नाव शोधून दाखवलं. डॉक्टर बराच वेळ वाचत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, कधीपासून?

प्रतापराव आठवू लागले. पुण्यात ते रोज घेत. इथे आल्यावर मिळेना म्हणून सुटला होता. मग फेब्रुवारीत कपिलचा मित्र रुपेश पुण्याहून येताना वाळलेल्या कांड्यांची मोठी पिशवी घेऊन आला.

"फॉर्मवर का नाही लिहिलंत?" हा प्रश्न मुक्ताने भाषांतर करून विचारला, पण अर्ध्यात तिचाच चेहरा उतरला. रोज रात्री त्यांच्यासाठी कांड्या भिजत घालत होती तीच.

"ते औषध थोडंच आहे," प्रतापराव म्हणाले. "घरचंच आहे."

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की या वेलीचा काढा घेणाऱ्या काही लोकांत यकृताला सूज आल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. सगळ्यांना होत नाही. तुम्हाला त्यानेच झालं असं मी आज छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण आजपासून बंद. एका आठवड्याने परत रक्त तपासू, तुकड्याचं तेव्हा ठरवू.

"गेनाऊ, बरोबर," मुक्ता पुटपुटली. तिने पिशवी उचलली, दार उघडलं. प्रतापराव मात्र खुर्चीवरून उठेनात.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी, टाळेबंदीत, त्यांनी एका जुन्या आरोग्य-मासिकातून गुळवेलीच्या काढ्याची कृती उतरवून काढली होती आणि नागेशला टपालाने पाठवली होती. बोटभर कांडी, दोन पेले पाणी, अर्धं होईस्तोवर उकळणे. खाली स्वतःच्या मनाने लिहिलं होतं, 'रोज, न चुकता', आणि त्याखाली रेघ मारली होती. आयुष्यात नागेशला ठामपणे त्यांनी तेवढं एकच सांगितलं होतं.

आठवडा त्यांनी कसा काढला ते त्यांनाच माहीत. घरी परतल्या परतल्या फोन करावा असं वाटलं. पण काय सांगायचं? डॉक्टरच म्हणतात नक्की नाही. आपले आकडे उतरले तर म्हणता येईल. नाही उतरले तर उगाच भावाच्या मनात किडा सोडल्यासारखं होईल. आणि तीन वर्षांनी पहिला शब्द बोलायचा तो चुकीचा निघाला तर? ते गॅलरीत जात, तिथून आत येत, फोन उचलत, पुन्हा ठेवत. सोमवारी खाज थोडी कमी वाटली. मंगळवारी ते स्वतःशी म्हणाले, हा भास असेल. बुधवारी चहा अर्धा कप गेला.

गुरुवारी आकडे निम्म्यावर आले. मुक्ता रिपोर्ट हातात घेऊन आली ती हसतच. "बाबा, तुकडा बिकडा काही नाही! उतरायला लागलंय!" आणि मग, "अहो, रडताय काय?"

त्यांनी सगळं सांगितलं. पत्र, मुंज, वास, कृती. शब्दकोशातून आंतर्देशीय काढून तिच्या हातात दिलं. मुक्ताने ते उभ्या उभ्या वाचलं. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं.

"म्हणजे गेला आठवडाभर तुम्हाला हे माहीत होतं?"

"खात्री नव्हती. म्हटलं, रिपोर्ट येऊ दे, मग—"

"बाबा, खात्री तुम्हाला हवी होती. काढा ते पितायत!"

असं ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिचा तिलाच धक्का बसला असावा. पण तिने माफी मागितली नाही, फोन उचलला. "प्रभाकाकूंचा नंबर सांगा."

फोन स्पीकरवर होता. बराच वेळ वाजला. मग भांड्यांचा आवाज आणि प्रभाचा थकलेला 'कोण?' आला.

"काकू, मी मुक्ता, जर्मनीहून. बाबा बोलतायत."

पलीकडे भांडी थांबली.

"प्रभा," प्रतापराव म्हणाले. "नागेश कसा आहे?"

"आहेत. पोटात पाणी झालं होतं, गेल्या महिन्यात काढलं. पाय सुजतात. जेवण नावाला." मग तिनेच पुढे सांगितलं, "भाऊजी, हे पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर जाऊन बसायचे. वर्षभर बसले. आता नाही बसत."

मुक्ताने सासऱ्यांना कोपराने ढोसलं.

"प्रभा, तो काढा घेतो का अजून? गुळवेलीचा?"

"घेतात की. काही झालं तरी तो चुकत नाही. परसात वेल लावलीय त्याच्यासाठी."

"डॉक्टरला सांगितलंय?"

"काढा? तो काय सांगायचा? डॉक्टर गोळ्या विचारतो, गोळ्या सांगतो."

"तो बंद कर. आजच. त्याने यकृताला सूज येऊ शकते. मला आली. डॉक्टरला सांगा तो घेत होता म्हणून."

पलीकडे फडताळाचं दार वाजलं.

"मी बंद करू?" प्रभा म्हणाली. "भाऊजी, तुमच्या अक्षरातला कागद फडताळाच्या दाराला चिकटवलाय. खाली रेघ मारलीय तुम्ही. मी मागे एकदा म्हटलं, पुरे आता हे कडू, तर म्हणाले, दादा पुस्तक बघितल्याशिवाय लिहीत नाही. सगळं जग खोटं, दादाचा कागद खरा."

"त्याला फोन दे."

"तुमचं नाव काढलं की उठून जातात. आत्ताही गेलेत. बाहेर उभे आहेत, पाठ करून."

"काकू, मी तुमच्या फोनवर डॉक्टरांचं सगळं पाठवते," मुक्ता म्हणाली. "त्यांना दाखवा."

"पाठव, मुक्ता. मी आमच्या डॉक्टरला दाखवते उद्याच. वेलही उपटते. पण शेजारणीकडे आहे, तिच्याकडून आणतील. माझं ऐकतील असं वाटत नाही." तिचा आवाज जरा कडक झाला. "भाऊजी, कागदाने लागलंय ते कागदानेच सुटेल. लिहा. या वेळी तरी लिहा."

प्रतापराव त्या दुपारी लिहायला बसले. पहिला खर्डा चार पानांचा झाला. त्यात मासिकाचं नाव होतं, अंकाचा महिना होता, डॉक्टर लांगे नेमकं काय म्हणाल्या आणि काय म्हणाल्या नाहीत ते होतं. मुक्ताने वाचलं आणि म्हणाली, "छान आहे. पण काका हे तिसऱ्या पानापर्यंत वाचणार, तोवर चूल पेटवून काढा उकळतील. पहिली ओळ काय हवी?"

शुक्रवारी आणखी तीन कागद गेले. कधी फार माफी मागितल्यासारखं होई, कधी पाठ्यपुस्तकासारखं. मुंजीतल्या वासाचं लिहावं की नाही यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. लिहिलं तर घाव, न लिहिलं तर पुन्हा एकदा लपवाछपवी. शनिवारी सकाळी त्यांनी दाढी केली, आरशात डोळे पाहिले, अजून किंचित पिवळट होते, आणि टेबलाशी बसून न थांबता लिहिलं:

"नागेश, काढा आजपासून बंद कर. फडताळावरचा कागद माझा आहे, चूकही माझीच. तो काढून टाक आणि त्या जागी हा लाव. मीही तो काढा घेत होतो. मला कावीळ झाली, काढा सोडल्यावर उतरू लागली. तुझंही तसंच होईल असं मी लिहू शकत नाही, मला माहीत नाही. पण तू काय काय घेत होतास ते सगळं डॉक्टरला सांग, घरचं असलं तरी.

"तू एक ओळ मागितली होतीस. कपिलच्या मुंजीत मला तुझ्या अंगाला वास आला होता, आणि मी तुला विचारलं नाही, मनात धरून ठेवलं. म्हणून लिहू शकलो नाही. आजही माझ्यापाशी पुरावा नाही. मागे माझ्या मुलाने मी पितो की काय म्हणून बाटल्या मोजल्या, तेव्हा कळलं की याला पुरावा नसतोच. तू सांगितलंस, मी खरं मानतो. नागेश पीत नाही. हे तुझ्या दादाने लिहिलंय, कुणालाही दाखव."

खाली सही केली. पुन्हा वाचलं तर खोडावंसं वाटेल, म्हणून वाचलं नाही. पाकीट चिकटवून त्यांनी कोट चढवला.

"मी येऊ?" कपिलने विचारलं. तो शुक्रवारपासून वडिलांभोवती जरा दबकूनच वावरत होता.

"नको. मला रस्ता ठाऊक आहे."

पोस्टाचं काउंटर कोपऱ्यावरच्या वह्या-पेनांच्या दुकानातच होतं. रांगेत चार माणसं होती. त्यांचा पाय एका जागी ठरेना. त्यांनी मनातल्या मनात जर्मन वाक्य जुळवलं, आणि पाळी आल्यावर ते पार विसरून नुसतं "इंडिएन" म्हणाले. बाईने वजन केलं, तिकीट लावलं, हवाई टपालाची निळी चिठ्ठी डकवली आणि पाकीट मागच्या टोपलीत टाकायला वळली. प्रतापरावांनी मान हलवली. ते पाकीट परत घेऊन बाहेरच्या पेटीपाशी आले.

पेटीवर उचलायच्या वेळा लिहिल्या होत्या. त्यांनी त्या दोनदा वाचल्या. शनिवारी बारा वाजता. घड्याळात बाराला दहा कमी. एकदा वाटलं, 'चूकही माझीच' हे वाक्य बरोबर आहे ना? तो विचार पुरा व्हायच्या आत त्यांनी पाकीट आत सोडलं आणि फटीत बोटं घालून ते अडकलं नाही ना ते पाहिलं.

मग ते तिथेच उभे राहिले. बारा वाजून चार मिनिटांनी गाडी आली. एका तरुण बाईने पेटी उघडली, पत्रांची पिशवी काढली, दुसरी रिकामी अडकवली आणि या म्हाताऱ्याकडे बघून काही तरी विचारलं. त्यांना शब्द कळले नाहीत.

"जा," ते म्हणाले, "जा, जा." तिने पिशवी गाडीत टाकली आणि दार लावून घेतलं.